आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला!

होस्टेलसमोर कुणाची जुनी बाईक सुरू झाली नाही की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोन मिनिटांत दहा जण जमतात. एक म्हणतो प्लग गेला, दुसरा म्हणतो कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, तिसरा कुणाला न विचारता किका मारायला लागतो. प्लग निघतो, साफ होतो, परत बसतो. शेवटी वॉचमनकाका येतात, पेट्रोलचा कॉक उघडतात आणि काही न बोलता निघून जातात.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण हाच प्रकार माझ्या मामांच्या पिकअपच्या बाबतीत झाला, तेव्हा मात्र हसू आलं नाही. म्हणून हा लेख. विषय एकच : जुनी डिझेल पिकअप स्लोला थरथरते आणि मधेच बंद पडते, तर दोष शोधायचा कसा?

मामांची गाडी

मामा पाथर्डी तालुक्यातले. जुनी पिकअप आहे, मेकॅनिकल पंपाची. कांद्याच्या सीझनला गावातल्या चार-सहा शेतकऱ्यांच्या गोण्या भरायच्या आणि पहाटे नगरच्या (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगरच्या) नेप्ती उपबाजारात नेऊन टाकायच्या, हा त्यांचा धंदा. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तर गाडी दारात उभी आणि मामा डोक्याला हात लावून बसलेले.

तक्रार अशी : गाडी रेसला ठीक पळते, पण पाय काढला की इंजिन वर-खाली व्हायला लागतं. पूर्ण गाडी थरथरते, आणि कधी कधी सिग्नलला, कधी गेटवर, फुस्स होऊन बंद. गॅरेजवाल्याने आधी नोझल बदलले. फरक नाही. मग पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला. तीन दिवस गाडी उभी, साडेअकरा हजार बिल, आणि गाडी पुन्हा तशीच! आता तो म्हणत होता, "हेड खोलावं लागंल."

"इंजिनिअरिंगला चार वर्षं घातली ना?" मामा म्हणाले. "मग सांग आता, हिला झालंय काय?"

आय. सी. इंजिन्सच्या तोंडी परीक्षेतसुद्धा मला इतका घाम फुटला नव्हता.

पैशाचं एक वेळ सोडा. आदल्या आठवड्यात नगरहून परत येताना करंजी घाटाच्या उतारावर हीच गाडी बंद पडली होती. आता हे नीट लक्षात घ्या. डिझेल इंजिनला पेट्रोल इंजिनसारखा इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बहुतेक जुन्या पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. इंजिन बंद म्हणजे तो पंपही बंद. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतो, पण सगळा जोर पायाचा. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड. त्या दिवशी गाडी रिकामी होती आणि तिसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून निभावलं. भरलेली असती आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली असती तर? त्यामुळे "स्लोला बंद पडते, चालायचंच" असं म्हणून सोडून द्यायची ही तक्रार नाही.

दोष स्लोलाच का दिसतो?

जरा गणित करू. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन, स्लोला मिनिटाला ७५० फेरे. प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांत एकदा डिझेल मिळतं, म्हणजे मिनिटाला ३७५ वेळा. चार सिलिंडरचे झाले १५००, आणि तासाचे ९०,०००. अडीच लिटरच्या आसपासचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण पाऊण लिटर डिझेल खातं असं धरलं, तर एका वेळच्या फवाऱ्याच्या वाट्याला येतं सुमारे ८ घन मिलिमीटर. ड्रॉपरचा एक थेंब अंदाजे ५० घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका थेंबाचा सहावा भाग!

एवढ्याशा डिझेलमध्ये हवेचा बारीक बुडबुडा आला तर काय होईल? डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाने रेटलं की नोझलची सुई उचलली जाते. हवा मात्र दबते. पंपाचा रेटा बुडबुडा दाबण्यातच संपतो, सुई उचलत नाही आणि तो फवारा हुकतो. इंजिन वेगात असताना फ्लायव्हीलमध्ये भरपूर गती साठलेली असते, एखादा फवारा हुकला तरी कळत नाही. स्लोला ती शिल्लक नसते. सायकल हळू चालवताना जशी डगमगते, तसंच.

थोडक्यात, स्लो रनिंग ही इंजिनची नाडी आहे. लहानसा दोष आधी तिथेच लागतो.

आधी विचारा, मग पाना उचला

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये त्यांचं इंजिन यशस्वीपणे चाललं. तेव्हापासूनचं तत्त्व तेच आहे : हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. म्हणून संशयित फक्त चार : डिझेल, हवा, कॉम्प्रेशन आणि टायमिंग. यातला कोण, हे ठरवायला पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारण्यात घालवायची.

*दोष कधी येतो?* फक्त थंड इंजिनला येत असेल तर ग्लो प्लग असलेल्या गाडीत ते बघा, शिवाय कॉम्प्रेशनवर संशय ठेवा. डिझेल भरल्यानंतर लगेच सुरू झाला असेल तर डिझेलमध्ये पाणी किंवा घाण. टाकी कमी भरलेली असताना उतारावरच येत असेल तर टाकीतल्या पाइपच्या तोंडाशी डिझेलच पोचत नसेल. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी जास्त वेळ सेल्फ मारावा लागत असेल तर लाइनमध्ये हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरत असण्याची शक्यता मोठी.

*बंद कशी पडते?* चावी फिरवल्यासारखी झटकन बंद पडली तर वायरिंगकडे बघा. रोटरी पंपावर डिझेल तोडणारा सोलेनॉइड असतो. त्याची वायर ढिली असली, तरी खड्ड्यात गाडी बंद पडते. आचके देत, धडपडत बंद पडली तर डिझेल कमी पडतंय.

*आवाज कसा आहे?* ठराविक तालात एक ठोका चुकत असेल तर दोष एखाद्याच सिलिंडरचा. इंजिन वर-खाली, वर-खाली होत असेल, म्हणजे मेकॅनिक ज्याला हंटिंग म्हणतात ते, तर दोष सगळ्यांना सामाईक : हवा, फिल्टर किंवा पंपाचा गव्हर्नर.

*धूर कसला?* काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि गळके नोझल बघा. उसाच्या सीझनला आपल्याकडच्या रस्त्यांवर फुफाटा किती असतो ते वेगळं सांगायला नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, पण त्याबरोबर रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

*आणि सगळ्यात महत्त्वाचं : दोष सुरू होण्याआधी शेवटचं काम काय केलं होतं?* हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

मामांना हे सगळं विचारलं. उत्तरं आली : हंटिंग आहे, धूर विशेष नाही, सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो. शेवटचं काम? मामांनी आठवून सांगितलं, "डिझेल फिल्टर बदलला होता की, महिना झाला." आणि थोडं थांबून, "तवापासूनच म्हण ना."

फुकटच्या तपासण्या

नगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथे टेस्ट ट्रॅक आहेत, मोजमापाची उपकरणं आहेत. आमच्याकडे होती एक काचेची बाटली, दीड फूट पारदर्शक नळी, पाच लिटरचा स्वच्छ कॅन आणि पान्यांचा सेट. पण पद्धत बरोबर असेल तर एवढ्यातही खूप काम होतं.

१. एअर फिल्टर काढून झटकून बघा. ॲक्सिलरेटरची केबल पूर्ण मागे येते का, ते बघा. सोलेनॉइडची वायर घट्ट आहे का, ते बघा.

२. टाकीचं झाकण सैल करून गाडी चालवून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि डिझेल येईनासं होतं. झाकण उघडताना "स्स" असा आवाज आला तर चोर सापडलाच.

३. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. डिझेलची घनता पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो. पावसाळ्यात आणि ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांनी ही तपासणी करायलाच हवी.

आमच्या गाडीत तिन्ही ठीक निघालं.

चार भावांची झडती

आता पुढची पायरी : दोष एका सिलिंडरचा की सगळ्यांचा? इंजिन स्लोला चालू ठेवायचं आणि एका इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा-एक फेरा सैल करायचा. त्या सिलिंडरला डिझेल मिळणं थांबतं. इंजिन आणखी बसलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच कामचुकार! नट घट्ट करून पुढच्याकडे जायचं.

कामचुकार सापडला तर लगेच नवीन इंजेक्टर घ्यायला पळू नका. त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावा, नवे वॉशर घालून. दोष इंजेक्टरबरोबर गेला तर इंजेक्टर खराब. दोष जागेवरच राहिला तर टॅपेटची गॅप आणि कॉम्प्रेशन तपासा. कॉम्प्रेशनमध्ये नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो.

इथे एक धोक्याची सूचना. ही तपासणी फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर करायची, तीही डोळ्यांना चष्मा लावून, नटवर फडकं धरून आणि हात पाइपच्या तोंडापासून लांब ठेवून. कॉमन रेल इंजिनवर हा प्रयोग कधीही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर असतो. त्या दाबाची धार कातडीतून आरपार आत शिरते. जखम टाचणीच्या टोचणीएवढी दिसते, पण डिझेल आत पसरतं आणि बोट, हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखो न दुखो, ताबडतोब हॉस्पिटल. कॉमन रेल गाडीला स्कॅनर लावणं हाच पहिला मार्ग.

आम्ही चारही नट एकेक करून तपासले. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच बसलं. म्हणजे चारही भाऊ कामाचे! नोझल बदलण्याची गरजच नव्हती. दोष चौघांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक वाटेवर होता.

कॉम्प्युटरवाल्यांची बायनरी सर्च

मग पंपाच्या आत येणाऱ्या पाइपमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा घातला आणि गाडी सुरू केली. नळीतून बारीक बुडबुड्यांची माळ जाताना दिसली. हवा येत होती, पण कुठून? टाकीपासून पंपापर्यंत कुठेही एक थेंब डिझेल सांडलेलं नव्हतं.

इथेच बहुतेक जण फसतात. ह्या गाडीला वेगळा फीड पंप नाही. मुख्य पंपच टाकीपासून डिझेल ओढतो, त्यामुळे मधली सगळी लाइन, फिल्टरसकट, सक्शनवर असते. सक्शनच्या लाइनला फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळती दिसत नाही म्हणजे गळती नाही, असं नसतं. शीतपेय पिताना स्ट्रॉला भोक पडलं तर ते बाहेर सांडत नाही, फक्त तोंडात बुडबुडे येतात, तसं.

दहा-बारा जोड आहेत, सगळे खोलत बसायचे का? नाही. वाट अर्ध्यात तोडायची. स्वच्छ, गाळलेलं डिझेल कॅनमध्ये घेतलं, कॅन पंपापेक्षा उंचावर बांधला आणि नळी थेट पंपाला दिली. परतीचा पाइपही कॅनमध्येच सोडला. (कॅन गरम मॅनिफोल्डपासून लांब, जवळ विडी-काडी नाही, वाळूची बादली तयार.) हवा निघून जाईपर्यंत इंजिन दोन-चार वेळा अडखळलं आणि मग असं एका लयीत चालू लागलं की मामा उठून उभेच राहिले. म्हणजे पंप निर्दोष! साडेअकरा हजारांचं इंजेक्शन पखालीला दिलं होतं.

आता कॅनची नळी फिल्टरच्या आत येणाऱ्या तोंडाला जोडली, कॅन वरच ठेवून. इंजिन चांगलंच चाललं. पण ह्या वेळी आमची नजर फिल्टरवर होती. कॅन उंच असल्यामुळे आता फिल्टरवर सक्शन नव्हतं, उलट वरून दाब होता. जी फट आत्तापर्यंत चोरून हवा ओढत होती, ती आता बाहेर डिझेल सोडणार. पाच मिनिटांत फिल्टरच्या डोक्यावरच्या बँजो बोल्टखाली एक ओलं कडं दिसलं आणि त्यातून थेंब फुगायला लागला.

बोल्ट काढला. खाली तांब्याचा वॉशर, चपटा झालेला, एका बाजूला रेघ पडलेला. महिन्यापूर्वी फिल्टर बदलताना जुनाच वॉशर परत घातला होता.

एवढासा वॉशर गळतो का?

हे आपल्या मटेरियल सायन्समधलंच आहे. तांब्याचा वॉशर मऊ असतो म्हणून तर वापरतात. बोल्ट आवळला की तो दबतो आणि पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे भरून काढतो. पण दबताना तो कडक होतो, म्हणजे वर्क हार्डनिंग. दुसऱ्यांदा तोच वॉशर घातला की तो तसा दबत नाही आणि केसाएवढी फट राहते. खेड्यात वॉशर मिळत नसेल तर जुने मेकॅनिक तो लालबुंद तापवून गार करतात आणि परत वापरतात. हे ॲनीलिंगच आहे, आणि अडचणीच्या वेळी चालतं. पण रेघ पडलेला वॉशर तापवून उपयोग नाही. आम्ही तिसगावहून नवे वॉशर आणले, बँजोच्या दोन्ही बाजूंना घातले, हॅण्ड प्रायमर मारून हवा काढली. गाडी सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच सेल्फला चालू.

मग पंप कधी उतरवायचा?

सगळ्यात शेवटी. पाणी नाही, हवा नाही, फिल्टर स्वच्छ, टॅपेट बरोबर, कॉम्प्रेशन सारखं, नोझलचा दाब आणि फवारा टेस्टरवर ठीक, आणि तरीही हंटिंग थांबत नाही, तेव्हाच. आणि पंपाचे सील केलेले स्क्रू घरी फिरवू नयेत. टेस्ट बेंचशिवाय ते परत जागेवर आणता येत नाहीत. पंप हा गाडीतला सर्वांत नाजूक आणि महागड्या भागांपैकी एक. म्हणूनच त्याच्यावर आरोप ठेवण्याआधी पुरावा लागतो.

गॅरेजवाल्याला मी शिव्या देणार नाही. त्याच्या दारात पाच गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येक मालक म्हणतो, "आत्ता द्या, माल भरायचाय." अशा घाईत माणूस ओळखीच्या दोषाकडेच धावतो. त्याचा हात वाईट नव्हता, क्रम उलटा होता. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड नंतर, आणि प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी होईलही, पण आपल्याला काही कळलेलं नसतं.

आपणही प्रॅक्टिकलला तेच करतो ना? रीडिंग जुळलं नाही की आधी मीटर बदलतो, मग शेजारच्याच्या जर्नलमध्ये बघतो. कनेक्शन ढिलं आहे का, हे शेवटी.

असो. मामांनी तो जुना वॉशर फेकून दिला नाही. तारेत ओवून रिअर व्ह्यू आरशाला लटकवलाय, लिंबू-मिरचीच्या शेजारी. आता फिल्टर बदलायचा झाला की ते आधी स्वतः दुकानात जाऊन नवे वॉशर घेतात आणि मगच गॅरेजला जातात. आणि घाट उतरताना न्यूट्रल करत नाहीत. मला विचाराल तर दुसरी सवय जास्त मोलाची आहे.